ताटातलं शेवटचं शीत

टायफॉइडमधून उठतोय. तोंडाला चव नाही, तरी समोरचा मऊ भात संपवल्याशिवाय ताटावरून उठवत नाही. बायको म्हणते, राहू दे, जबरदस्ती नको. पण शेवटचं शीतही मी बोटानं टिपून घेतो.

ही सवय माझी म्हणावी का? माझा जन्म १९७२च्या दुष्काळानंतरचा. आई मात्र त्या वर्षी बीडकडे दुष्काळी कामावर खडी फोडत होती. आधीची दोन वर्षंही पावसानं ओढ दिलेली. रेशनवर लाल मिलो ज्वारी, कामावर खायला सुकडी. त्या भुकेबद्दल ती फारसं कधी बोलली नाही. जेवताना आमच्या ताटांकडे नुसती बघायची. तेवढ्या नजरेनं आम्ही भावंडं घडलो. पुढे १९७७ साली राज्यानं रोजगार हमीचा कायदा केला. दुष्काळ कायद्यात उतरला, तसाच, मी तो बघितला नसूनही, माझ्या बोटांतही उतरला.

माझी मुलगी अर्धी पोळी सहज बाजूला सारते. मला राग येत नाही. तिला भूक ठाऊक नसावी, यासाठीच तर आम्ही राबलो. तरी आत काहीतरी हलतं. भुकेची भीती तिच्यापर्यंत पोचू नये, पण अन्नाची किंमत पोचावी. या दोन गोष्टी वेगळ्या करता येतात का? आईला एकदा दुष्काळाच्या त्या वर्षाबद्दल विचारायचं आहे, नातीसमोरच. ती सांगेल का, आणि सांगितलं तर माझ्या मुलीला त्यातलं काय घ्यावंसं वाटेल?