तळ्याकाठची करंजे

तेलगावच्या आसमंतात एका बांधापलीकडे कपाशी आणि अलीकडे ऊस, असे चित्र नित्याचे आहे. उसातील रुंद पानांच्या तणांवर ‘टू-फोर-डी’ फवारले आणि त्याचा अंश वाऱ्याबरोबर शेजारी गेला, की कपाशीची पाने भेंडीच्या पानांसारखी लांबट, चिरलेली होतात. हे तेथील शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. तोच शेतकरी तळ्यातील जलपर्णीवर तेच औषध मारताना काठावरच्या झाडांना मात्र विसरतो.

एका मे महिन्यात मी तेथील एका पाझर तलावावर गेलो होतो. १९७२च्या दुष्काळात मराठवाड्यात पोटासाठी माणसांनी जे तलाव खोदले, त्यांपैकीच तो एक. काठच्या करंजांचे कोवळे शेंडे पिळवटले होते. जांभळाची पाने गळाली होती. “औषध पाण्यात मारलं, फादर, झाडावर नाही,” बरोबरचे आजोबा म्हणाले. ते खरेच होते. परंतु या औषधाचे काही प्रकार भर उन्हात वाफ होऊन उडतात आणि वारा नसतानाही पानांपर्यंत पोहोचतात. ग्लायफोसेटची तऱ्हा निराळी. ते चिखलाला घट्ट चिकटते, मुळांतून सहसा शिरत नाही. पण हिरव्या पानाला किंवा कोवळ्या सालीला लागले की आतपर्यंत जाते. उलट उसातले ॲट्राझिन मुख्यतः मुळांवाटे जाते. म्हणून पंप विसळलेले पाणी झाडाच्या बुंध्याशी ओतणे फवारणीइतकेच घातक.

बरे, एवढे करून जलपर्णी संपते का? तिचे बी गाळात वर्षानुवर्षे जिवंत राहते. शिवाय सगळी वनस्पती एकदम मेली, की ती कुजताना पाण्यातील प्राणवायू संपतो आणि मासे तडफडतात. ओढून काढणे हा त्याहून बरा उपाय. काढलेल्या जलपर्णीचे खतही होते.

पण ओढणार कोण? दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातील हजारो कुटुंबे कोयते घेऊन ऊसतोडीला जातात. गावात म्हातारे आणि लेकरे उरतात. अशा वेळी औषधाचा डबाच जवळचा वाटला, तर त्या आजोबांना मी दोष देत नाही. मात्र चैत्राच्या सुमारास माणसे परततात, तेव्हा पाणीही ओसरलेले असते. तेच दिवस या कामाचे, असे मी त्यांना सुचविले.

“आणि मजुरी, फादर?”

तलावातील मासळीचा ठेका ज्याला मिळतो, त्याच्याशी आधी बोला, असे मी म्हणालो. मासे त्याचेही मरतात.