मॅथ्यू स्ट्रीटवरील तळघर

लिव्हरपूल शहरातील मॅथ्यू स्ट्रीट ही वस्तुतः एक अरुंद गल्ली. परंतु तेथील ‘कॅव्हर्न क्लब’ पाहण्यासाठी देशोदेशींचे प्रवासी येतात. त्यांच्या मागोमाग मीही जिना उतरलो. मात्र जे पाहावयाचे ते तळघर १९७३ सालीच बुजविले गेले, हे मला ठाऊक होते.

ते तळघर फळांच्या वखारीखालचे. महायुद्धात विमानहल्ल्याच्या वेळी लोक तेथे आसरा घेत. पॅरिसमधील अशाच एका तळघरातील जाझ संगीताने भारावून गेलेल्या ॲलन सिट्नर या तरुणाने १६ जानेवारी १९५७ रोजी येथे क्लब उघडला. अठरा पायऱ्या उतरल्या की विटांच्या तीन लांब कमानी, आणि मधल्या कमानीच्या टोकाशी लहानसा चौथरा. वारा खेळण्यास वाव असा नाहीच! शेकडो माणसांच्या श्वासांची वाफ थंड विटांवर जमून भिंती पाझरत. घाम, जंतुनाशक आणि नासकी फळे यांचा संमिश्र दर्प श्रोत्यांच्या कपड्यांबरोबर घरापर्यंत जाई. मद्याचा परवाना नव्हता. चहा, कॉफी व सूप यांवरच भागे. अशा जागेस संगीतमंदिर म्हणणे म्हणजे पेवास दिवाणखाना म्हणण्यापैकीच होय.

पण कलेला बहर आला तो याच पेवात. त्याचे इंगित मला दुपारच्या मैफलींत दिसते. कचेऱ्यांतील कारकून, टंकलेखिका, दुकानांत काम करणाऱ्या मुली जेवणाच्या सुटीत थोडक्या पैशांत येथे येऊन बसत. चौथऱ्यावरची मुलेही त्यांच्याच शहरातील. ओळखीचे श्रोते, तेही हाताच्या अंतरावर. तेथे कोणाची चुकवाचुकव चालणार? ९ फेब्रुवारी १९६१ च्या दुपारी ‘बीटल्स’ हा स्थानिक तरुणांचा संच येथे प्रथम वाजवावयास बसला, आणि ३ ऑगस्ट १९६३ पर्यंत त्यांचे सुमारे २९० कार्यक्रम या तळघरात झाले. जगाला त्यांची कीर्ती दिसली. हा रियाज मात्र या भिंतींनीच पाहिला. जवळच्या ध्वनिमुद्रिकांच्या दुकानाचा व्यवस्थापक ब्रायन एप्स्टाइन ९ नोव्हेंबर १९६१ रोजी या पायऱ्या उतरला आणि पुढे त्यांचा कारभारी झाला. येथे श्रोत्यांचे कोट सांभाळणारी सिला ब्लॅक ही मुलगीही पुढे नामांकित गायिका झाली.

१९७३ मध्ये भुयारी रेल्वेला हवा मिळावी म्हणून येथे एक झडप खोदण्याचे ठरले. ज्या तळघराला जन्मभर हवा मिळाली नाही, त्याचा बळी हवेसाठी जावा, हा केवढा दैवदुर्विलास! वरची इमारत पाडली, कमानी बुजविल्या. आणि झडप काही खोदली गेली नाही. मोकळ्या जागेत मोटारी उभ्या राहू लागल्या. काही वर्षांनी पुन्हा खोदून पाहिले, तो कमानी खचलेल्या. तेव्हा निघालेल्या विटा वापरून १९८४ साली तेथेच नवा क्लब बांधण्यात आला. उरलेल्यांपैकी काही विटा एका अनाथाश्रमाच्या मदतीसाठी विकल्या गेल्या.

नव्या क्लबातही गाणे चालते, आणि ते चांगले चालते. त्यास नावे ठेवण्याचे मला कारण नाही. पण दुपारी डबा घेऊन आलेली टंकलेखिका मला तेथे दिसली नाही. परत येताना मी पायऱ्या मोजल्या. त्या अठराहून बऱ्याच अधिक भरल्या.