वजनाची वही

मांजराला दूध घातलं की पुण्य लागतं, ही आमच्या आईची श्रद्धा. डॉक्टर म्हणाले, पिल्लाला गाईचं दूध घातलं की जुलाब लागतात. तेव्हापासून आमच्या घरात धर्म आणि वैद्यक यांचं बोलणं बंद!

"मग घालायचं काय?"

"कोंबडी. मिठाशिवाय उकडून, लगदा करून."

आईने कानांवर हात ठेवले.

पिल्लू महिन्याचं, पोरकं, वजन 350 ग्रॅम. आठवड्याला साधारण 100 ग्रॅम भर पडायला हवी. घट आली तर दुखणं समजावं. मी रोजची नोंद ठेवू लागलो. बँकेतलं लेजर उभ्या जन्मात इतक्या काळजीने लिहिलं नव्हतं. दोन दिवस आकडा जागचा हलेना. दुसऱ्या संध्याकाळी जपमाळ थांबवून आईच म्हणाली, "अरे, ती तुझी... काय ती... उद्या जरा जास्त आण."

तिसऱ्या दिवशी 20 ग्रॅम जमा!

पुढे आठव्या आठवड्यात लस झाली, तीन महिन्यांनी रेबीजची. चौथ्या महिन्यात दुधाचे दात पडू लागले. एक सतरंजीवर सापडला, तांदळाच्या कणीएवढा. आईने तो कुंकवाच्या रिकाम्या डबीत जपून ठेवला.

मी वहीत लिहिलं : दात एक, खर्ची.