नवगावचं कबरस्तान

मांडव्याच्या जेट्टीवर उतरून अलिबागच्या रस्त्याला लागलं की गावांच्या पाट्या वाचत जावं. झिराड, किहीम, नवगाव, थळ. शनिवार-रविवारच्या पाहुण्यांसाठी हा सगळा पट्टा म्हणजे बंगले, नारळी-पोफळीच्या वाड्या आणि उन्हाळ्यात रस्त्याकडेला टांगलेल्या पांढऱ्या कांद्याच्या माळा. पण यातल्या बहुतेक पाट्यांना 'कर' जोडला की कोकणातल्या ज्यूंच्या, म्हणजे बेने इस्रायल समाजाच्या, घराण्यांची यादीच तयार होते. केहिमकर, नवगावकर, थळकर, आवासकर. दक्षिणेला चौलचे चेऊलकर. पूर्वेला पेणकर, पेझारकर, रोहेकर, अष्टमकर. कोकणातल्या गावांवरून पडलेली अशी शंभराहून जास्त आडनावं या समाजात आहेत.

माझी एक कॉलेजातली मैत्रीण आता इस्रायलमधल्या अश्दोदला असते. तिचंही आडनाव याच पट्ट्यातल्या एका गावाचं. तिची मुलगी घराण्याचा वंशवृक्ष करायला बसली आणि मैत्रिणीच्या पणजोबांच्या पिढीशी अडली. "पलटणीत सुभेदार होते आणि कोकणातच त्यांची कबर आहे, एवढंच बाबा सांगतात. तू त्या बाजूला जाशील तेव्हा बघशील का?" मैत्रिणीनं फोनवर विचारलं. निघताना माझ्याकडे एक आडनाव आणि 'सुभेदार' हा हुद्दा, एवढंच होतं.

सुरुवात नवगावपासून करणं भाग होतं, कारण सगळ्या बेने इस्रायल घराण्यांची गोष्ट तिथूनच सुरू होते. पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेली कथा अशी: पश्चिमेकडून येणारं एक गलबत या किनाऱ्याजवळ फुटलं. सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या. बाकीच्यांची प्रेतं लाटांनी किनाऱ्याला लावली, ती गावकऱ्यांच्या मदतीनं इथेच पुरली. पुरुष एका उंचवट्याखाली, बायका दुसऱ्या. गलबतातलं सामानसुमान आणि धर्मग्रंथ समुद्रात गेले. वाचलेली चौदा माणसं गावात राहिली आणि त्यांच्यापासून पुढचा सगळा समाज झाला.

कबरस्तान समुद्राच्या जवळ आहे. वाऱ्यानं एका बाजूला कललेली झाडं, मध्ये समाजानं उभारलेला स्मारकस्तंभ आणि आजूबाजूला जमिनीतून जेमतेम वर आलेले दगड. मी एकेक दगड वाकून पाहिला. अक्षर नाही, खूण नाही, नाव तर नाहीच. जिथून वंशवृक्ष सुरू व्हायला हवा तिथेच नेमकी कोरी पाटी. किनाऱ्यावर गेलं की समोर खांदेरी-उंदेरी दिसतात. खांदेरी शिवाजी महाराजांनी 1679 साली बांधायला घेतली, उंदेरी त्याच्या पाठोपाठ सिद्दीनं. त्या दोन बेटांवरच्या लढायांचा जवळजवळ दिवसवार तपशील आपल्याला मिळतो. त्यांच्या समोरच्या किनाऱ्यावर पुरलेल्या माणसांचं मात्र शतकही नक्की सांगता येत नाही.

अंदाज पुष्कळ झाले. हाईम सॅम्युएल केहिमकर (1830–1908) यांनी 1897 साली समाजाचा इतिहास लिहून पूर्ण केला. त्यांच्या मते हे लोक इ.स.पूर्व 175च्या सुमारास गॅलिलीतून निघाले. त्यांचं हस्तलिखित पुस्तकरूपानं आलं ते 1937 साली, तेल अवीवमध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर जवळपास तीस वर्षांनी. काही अभ्यासक हे आगमन त्याहून शेकडो वर्षं अलीकडे ओढतात. गलबत इथे का आलं असावं, हे मात्र समजण्यासारखं आहे. थोड्या अंतरावर दक्षिणेला चौल आहे, आणि चौल हे ग्रीक-रोमन काळापासून पश्चिमेकडच्या व्यापाऱ्यांना माहीत असलेलं बंदर. दहाव्या शतकात अरब प्रवासी अल-मसुदी तिथे आला, तेव्हा परदेशी वस्ती चांगली रुजलेली होती. माझं मत विचाराल तर तारखेचा हा वाद सुटण्यासारखा नाही आणि त्यात फार अडकूही नये. जनुकशास्त्रज्ञांनी 2016 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या समाजाच्या रक्तात पश्चिम आशियाई आणि भारतीय असे दोन्ही वारसे सापडले, आणि मूळ पूर्वज मूठभरच असावेत अशी चिन्हंही. नवगावची कथा जे सांगते त्याच्या हे फार लांब नाही.

ग्रंथ बुडाले, हिब्रू विसरली, तरी काही गोष्टी राहिल्या. आठव्या दिवशीची सुंता, खवले आणि पर असलेलीच मासळी खाणं, काही उपास, शनिवारची सुट्टी, आणि 'शेमा यिस्रायल' ही एकच प्रार्थना. जन्म असो, लग्न असो की मयत, तीच म्हणायची. तेलाचा घाणा हा इथल्या बहुतेक घरांचा धंदा, आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून गावांनी त्यांना 'शनिवार तेली' म्हटलं. 1200च्या आसपास मायमोनिडीस या थोर ज्यू पंडितानं एका पत्रात लिहिलं आहे की हिंदुस्थानातले ज्यू शब्बाथ आणि सुंता यापलीकडे धर्मशास्त्र जाणत नाहीत. ते वर्णन याच लोकांचं असावं. त्यानंतर थेट 1738 साली सार्टोरियस नावाच्या मिशनऱ्याच्या पत्रात त्यांचा उल्लेख येतो. पाचशे वर्षांत दोन पत्रं! एका समाजाच्या पूर्वजांबद्दल कागद एवढंच बोलतात, तेव्हा घाण्याचं लाकूड आणि कबरीचा दगड यांचं मोल फार वाढतं.

डेव्हिड राहाबीची गोष्ट तर घराघरात सांगतात. परदेशी ज्यू पाहुणा आला, शनिवार पाळणारे हे तेली कोण असा त्याला प्रश्न पडला. त्यानं बायकांपुढे खवल्यांची आणि बिनखवल्यांची मासळी एकत्र ठेवली. त्यांनी बिनखवल्यांची बाजूला काढली आणि त्याची खात्री पटली. मग त्यानं झिराडकर, राजपूरकर आणि शापूरकर या तीन घराण्यांतल्या माणसांना धर्मविधी शिकवले. त्यांना 'काजी' म्हणत. हा राहाबी नेमका कधीचा यावर मतभेद आहेत. अठराव्या शतकात कोचीनमध्ये डच कंपनीशी व्यापार करणाऱ्या राहाबी घराण्यातला असावा, असा बऱ्याच जणांचा कयास. तिघांतल्या राजपूरकरांच्या कुळातले डॉ. एलिजा मोझेस 1937 साली मुंबईचे महापौर झाले. मुंबईतला ई. मोझेस रस्ता त्यांच्याच नावाचा.

नवगावहून मी अलिबागला आले. इस्रायल आळीतलं 'मागेन आबोत' हे सिनेगॉग 1848 सालचं, आजची इमारत 1910 सालची. जुनी माणसं सिनेगॉगला मशीदच म्हणत. प्रार्थनेला किमान दहा पुरुष लागतात, आणि आता आळीत तेवढे जमवणंच अवघड झालं आहे. तिथल्या एका वयस्कर काकांना मी मैत्रिणीचं आडनाव सांगितलं. त्यांनी क्षणाचाही विचार न करता रेवदंड्याच्या वाटेवरच्या एका गावाचं नाव घेतलं. "आडनावाच्या गावात जाऊ नका. तिथून ते लोक कधीच उठले. सुभेदार होते म्हणता, तर पेन्शनीत जिथे घर बांधलं तिथे बघा."

हा सल्ला फार मोलाचा होता, आणि वंशावळ शोधणाऱ्या प्रत्येकानं तो लक्षात ठेवावा. कंपनी सरकारच्या काळात या समाजातले तरुण मोठ्या संख्येनं मुंबई इलाख्याच्या पलटणींत गेले. एतद्देशीय शिपायाला चढता येईल तितकं, सुभेदार-मेजरपर्यंत चढले. त्यातले सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजेच सॅम्युएल इझीकेल, टिपू सुलतानाच्या कैदेतून सुटून आले आणि 1796 साली त्यांनी मुंबईतलं पहिलं सिनेगॉग बांधलं. मस्जिद बंदर स्टेशनाला नाव मिळालं ते याच 'मशिदी'वरून असं सांगतात. पलटणीतून आलेला पैसा गावाकडे आला, घरं झाली, आणि मुख्य म्हणजे कबरींवर कोरीव दगड बसायला लागले. त्याआधीची पिढी नवगावसारखीच बिनअक्षराची.

काकांनी सांगितलेल्या गावी कबरस्तानाला दगडी गडगा होता, अर्धा ढासळलेला. आत गुडघाभर गवत. शेजारच्या वाडीतल्या बाईंनी कोयता घेऊन वाट करून दिली. "आमच्या सासूबाई सांगायच्या, इस्रायलांकडचं तेल चांगलं असायचं," त्या म्हणाल्या. त्या घरांतलं कोणी त्यांनी स्वतः पाहिलेलं नव्हतं.

दगडांवर तीन भाषा दिसतात. वर हिब्रू, मध्ये मराठी, आणि अलीकडच्या कबरींवर इंग्रजीही. हिब्रू मजकुराची सुरुवात 'पे' आणि 'नून' या दोन अक्षरांनी होते, 'इथे विसावला आहे' याचं ते संक्षिप्त रूप. इतर ज्यू कबरस्तानांत पुरोहित घराण्यांच्या दगडांवर आशीर्वादाचे दोन हात कोरलेले असतात. ते मी इथे शोधूही नये असं काकांनी आधीच बजावलं होतं, कारण बेने इस्रायलांत कोहेन आणि लेवी ही पुरोहित कुळं परंपरेनं नाहीत. साल बहुधा ज्यू कालगणनेतलं. त्यातून 3760 वजा केले की इसवी सन मिळतो. वर्षाची सुरुवात सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमाराला होत असल्यामुळे कधी एका वर्षाचा फरक पडतो. नावं तर आपल्या कानांना ओळखीचीच: मोझेसचा मुसाजी, आयझॅकचा इसाजी, सॅम्युएलचा सामाजी, आणि बायकांमध्ये साराबाई, राहेलबाई, लेआबाई.

सुभेदारांची कबर मिळाली नाही. मिळाली ती त्यांच्या बायकोची. कुंपणाच्या कडेला, करवंदीच्या जाळीखाली काळ्या दगडाची शिळा. दुपारी तिच्यावर काहीच वाचता येत नव्हतं. ऊन कललं आणि प्रकाश बाजूनं आला तशी अक्षरं उठून दिसायला लागली. वरच्या दोन ओळी हिब्रूच्या. त्यातली अक्षरं लहानमोठी, एक ओळ तर उतरती. खालची मराठी मात्र ठसठशीत, वेलांट्या आणि काने एका मापाचे. कोरणाऱ्या पाथरवटाला हिब्रू येत नव्हती. कुणी कागदावर काढून दिली ती त्यानं चित्रासारखी उतरवली, आणि मग स्वतःच्या भाषेत आल्यावर त्याचा हात मोकळा झाला, हे त्या दगडावर सरळ दिसत होतं. मजकूर एवढाच: बाईचं नाव, 'सुभेदार' लावून नवऱ्याचं नाव, आडनाव, मूळ गाव आणि साल 5672, म्हणजे 1911-12. सुभेदारांचं स्वतःचं नाव त्यांच्या घरात कुणाला आठवत नव्हतं. ते बायकोच्या दगडानं सांगितलं.

फोटो अश्दोदला पाठवला. मैत्रिणीच्या मुलीला देवनागरी येत नाही. मैत्रीण अडखळत वाचते. तिचे वडील नव्वदीला आले आहेत; पंचवीस-तिशीत बोटीनं गेलेले. त्यांनी फोटो मोठा करून घेतला आणि खणखणीत आवाजात सगळा मजकूर वाचून दाखवला. "ही माझी आजी. वडील तान्हे असताना गेली, म्हणून आमच्याकडे तिचं कुणी काही बोललंच नाही," ते म्हणाले. वंशवृक्षात दोन नावं वाढली.

पूर्वजांचा पुरावा हा या समाजासाठी केवळ हौसेचा विषय नव्हता, हेही इथे सांगायला हवं. 1948 नंतर हजारो बेने इस्रायल इस्रायलला गेले. छळ झाला म्हणून ते निघाले नाहीत, कारण कोकणानं त्यांना कधी त्रास दिला नाही. पण तिकडे गेल्यावर 1961-62 मध्ये मुख्य रब्बींच्या कचेरीनं त्यांची लग्नं लावण्याआधी आई-आजीच्या पिढ्या जितक्या मागे जाता येईल तितक्या तपासाव्यात असा आदेश काढला. ज्यांनी ग्रंथ बुडाले तरी शनिवार सोडला नाही, त्यांना ज्यूपण सिद्ध करायला सांगितलं गेलं. समाजानं आंदोलन केलं, आणि ऑगस्ट 1964 मध्ये इस्रायलच्या संसदेनं ते सर्वार्थानं ज्यू असल्याचा ठराव केला. एका आजीच्या नावाचा दगड काय मोलाचा असतो, ते त्या काळात लग्नाला उभ्या असलेल्या मुलामुलींना नक्की कळलं असेल.

स्वातंत्र्याच्या सुमारास या समाजाची भारतातली संख्या वीस हजारांच्या आसपास होती. आता ती त्याच्या एका छोट्या अंशावर आली आहे, आणि रायगडातल्या बऱ्याच गावांत एकही घर उरलेलं नाही. तिकडच्या तिसऱ्या पिढीला मराठी वाचता येत नाही, आणि इथल्या दगडांवर सर्वांत स्पष्ट उरली आहे ती मराठीच. म्हणजे हे दगड वाचणारी माणसं आता आपणच. दर पावसाळा अक्षरांचा एक थर घेऊन जातो, आणि जमिनींचे भाव वाढलेल्या या किनाऱ्यावर गडगा ढासळलेल्या जागेला धोका फक्त पावसाचा नाही.

तेव्हा अलिबागकडे निघालात तर एक सकाळ राखून ठेवा. आधी इस्रायल आळीत विचारा, परवानगी घ्या. दगडावर खडू घासू नका, ॲसिड किंवा तारेचा ब्रश तर अजिबात नको. साधं पाणी, मऊ कुंचला आणि सकाळचं किंवा संध्याकाळचं तिरकं ऊन पुरतं. प्रत्येक दगडाचा फोटो काढा, मजकूर शुद्धलेखन न सुधारता जसाच्या तसा उतरवा, गावाचं नाव लिहा आणि त्या वहीची एक प्रत सिनेगॉगच्या विश्वस्तांकडे ठेवा. रायगडातल्या महाविद्यालयांनी इतिहासाच्या विद्यार्थ्यांना हेच काम द्यावं. पुढच्या पावसाळ्याच्या आत.