मांतुआचे दैत्य-दालन

इटलीतील तेव्हाच्या मांतुआ नगराबाहेर, जेथे पूर्वी गोन्झागा घराण्याची पागा होती, तेथे फेदेरिको द्वितीय याच्या हुकमावरून राफाएलचा पट्टशिष्य जूलिओ रोमानो याने १५२५ च्या सुमारास उभारावयास घेतलेल्या पालाझ्झो ते या प्रासादातील दैत्यांच्या दालनात आज बराच वेळ उभा राहिलो, आणि मन अजून तेथून निघावयास राजी नाही. भिंत कोठे संपते व छत कोठे आरंभते याचा थांग लागू नये म्हणून कोपरे गोलावलेले. वर मेघमंडलात देवराज ज्युपिटर वज्र फेकीत आहे, खाली ऑलिम्पसवर चढाई करणारे अजस्र दैत्य कोसळत्या स्तंभांखाली व शिलाखंडांखाली चिरडले जात आहेत, आणि त्या प्रलयात आपणही सापडलो आहोत असा भास होतो. रोमन कवी ओव्हिदने वर्णिलेली ही कथा येथे १५३२ पासून रंगू लागली. त्यापूर्वीच, १५३० साली, सम्राट पाचव्या चार्ल्सने फेदेरिकोस ड्यूकपद बहाल केले होते; बंडखोरांचा संहार करणाऱ्या देवराजात सम्राटाचेच रूप पाहावे, हा अभ्यासकांचा अभिप्राय मला ग्राह्य वाटतो.

माझी दृष्टी मात्र त्या पराभूतांच्या मुखांवरच खिळली. चित्रकाराची खरी सहानुभूती तेथेच असावी, कारण देवांच्या सभेत इतका प्राण नाही. याच प्रासादातल्या क्युपिड व सायकीच्या दालनातील विवाहभोज रमणीय खरा, पण तो मनात ठसला नाही. कलाकारांचा चरित्रकार वासारी लिहितो की दैत्यांच्या दालनात अग्निकुंडही होते, आणि ते पेटले की दैत्य ज्वाळांत होरपळत असल्यासारखे दिसत.