रॅम दिसते, पण भरवशाची आहे का?

दुकानात दोन तक्रारी सारख्या येतात. ‘सोळा जीबी टाकली, आठच दाखवतोय’ ही एक. ‘सगळं दिसतंय, पण गेम खेळताना मधेच निळा स्क्रीन येतो’ ही दुसरी. पहिल्या तक्रारीचं गिऱ्हाईक घाबरलेलं असतं, दुसऱ्याचं नुसतं वैतागलेलं. खरं तर घाबरायला हवं दुसऱ्यानं.

न दिसणाऱ्या रॅमचं कारण बहुधा सापडतं. आमच्या रत्नागिरीत पावसाळ्यातली खारी, दमट हवा स्लॉटच्या आत शिरते आणि संपर्क बिघडतो. बरेच जण स्टिकला खोडरबर घासतात. मी घासत नाही. सोन्याचा मुलामा अगदी पातळ असतो, शिवाय रबराचा चुरा स्लॉटात अडकतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसायचं आणि खटका नीट बसेपर्यंत दाबायचं. तरीही दिसली नाही, तर एकेक स्टिक एकेका स्लॉटात लावून पाहायची. स्टिक बदलूनही तोच स्लॉट मुका राहिला, तर रॅमला दोष देण्यात अर्थ नाही. मग प्रोसेसर काढून सॉकेट भिंगाखाली घ्यायचं. मेमरी कंट्रोलर आता प्रोसेसरच्या पोटातच असतो, त्यामुळे सॉकेटातली एक पिन वाकली तरी अख्खं चॅनल गायब होऊ शकतं. कूलर एका बाजूनं जास्त आवळला गेला तरी हेच होतं.

दुसऱ्या तक्रारीचं मूळ मात्र खोक्यावरच्या आकड्यात असतं. डीडीआर4 चं प्रमाणित माप 3200 ला संपतं, म्हणजे 3600 ची रॅम हे ओव्हरक्लॉकिंगच झालं. ती लावली की बायोस स्टिकवरची छोटी चिप वाचतो आणि सहसा 2133 किंवा 2400 च्या सुरक्षित वेगानं सुरू होतो. बायोसमध्ये एक्सएमपी चालू केलं की वेग 3600 वर जातो आणि व्होल्टेज 1.2 वरून 1.35 वर. रॅमवाल्यानं त्या वेगाची हमी दिलेली असते, तुमच्या प्रोसेसरनं दिलेली नसते. दोनऐवजी चार स्टिक लावल्या की त्याच्यावरचा भार आणखी वाढतो.

रॅमचा प्रत्येक बिट इवल्याशा कपॅसिटरमधल्या विद्युतभारावर टिकतो, आणि तो भार गळक्या तांब्यातल्या पाण्यासारखा सतत झिरपत असतो. म्हणून डीडीआर4 मध्ये दर 64 मिलिसेकंदांत प्रत्येक ओळ पुन्हा भरावी लागते. तापमान 85 अंशांच्या वर गेलं, तर त्याच्या निम्म्या वेळात. सकाळी थंड मशीनवर पास झालेली रॅम मे महिन्यातल्या दुपारी, ग्राफिक्स कार्डाच्या गरम झोतात नापास होते ती यामुळेच. चाचणी गरम मशीनवरच घ्यावी.

एका लग्नाच्या फोटोग्राफरचे फोटो अर्ध्यातून खाली करडे पडत होते. हार्ड डिस्क बदलून झाली होती. पेन ड्राइव्हवरून मेमटेस्ट रात्रभर लावली, तेव्हा एका पत्त्यावर सगळे एक हवे होते तिथे एकच बिट शून्य निघाला. अशा रॅममधून गेलेली फाइल सेव्ह केली की चूक कायमची डिस्कवर उतरते, आणि तीच बॅकअपलाही जाते. म्हणून मेमटेस्टमध्ये एकही चूक मला चालत नाही. वेग 3600 वरून 3466 वर आणायचा, नाहीतर टायमिंग सैल करायचं, आणि पुन्हा चाचणी. प्रमाणित वेगालाही चूक आली, तर स्टिक बदलायची.

गूगलच्या सर्व्हरवरचा एक अभ्यास 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वर्षभरात 8 टक्क्यांहून अधिक स्टिकमध्ये चूक आढळली, तीही ओव्हरक्लॉकिंगशिवाय. तिथे ईसीसी होतं, म्हणून चुका मोजता आणि दुरुस्त करता आल्या. आपल्या घरच्या मशीनला बहुधा ते नसतं. डीडीआर5 मध्ये चिपच्या आत दुरुस्तीची सोय आहे, पण स्टिकपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवर झालेली चूक तिला दिसत नाही.

गेम खेळणाऱ्या मुलांना मी हौसेनं वेग वाढवून देतो. हिशेबाच्या आणि फोटोच्या मशीनवर एक्सएमपी बंदच ठेवतो, गिऱ्हाइकानं कितीही आग्रह केला तरी.