न पाहिलेले काडतूस

माझ्या आजोबांकडे परवान्याची बाराबोरची बंदूक होती. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा होण्यापूर्वीचे ते दिवस. विकतची काडतुसे महाग पडत, म्हणून झाडलेली पितळी काडतुसे ते घरीच पुन्हा भरीत. जुनी टोपी काढून नवी बसवायची, मग दारू, नमद्याची चकती, छर्रे आणि वर पुठ्ठ्याचे झाकण. दारू घातलेली काडतुसे मोजणे, एवढेच माझे काम.

एका संध्याकाळी त्यांनी विचारले, “ह्यात घातली का रे?” माझे लक्ष नव्हते, तरी मी “नाही” म्हणालो. त्या रात्री झोप लागली नाही. दुप्पट दारूने नळी फुटते, हे त्यांनीच मला शिकविले होते. पहाटे रडतरडत सारे सांगून टाकले.

आजोबा रागावले नाहीत. सगळी काडतुसे त्यांनी एकेक करून निरनिराळ्या कागदांवर रिती केली. दारूचा एक ढीग इतरांच्या दुप्पट होता.

“ठाऊक नाही म्हणायला लाजू नये, बाळा,” एवढेच ते म्हणाले.

बंदूक केव्हाच गेली. पण कुणी घाईने उत्तर मागितले, की आजही तो ढीग माझ्या डोळ्यांपुढे उभा राहतो.